शिडी कोणाकडे आहे?

सोसायटीची मासिक मीटिंग रविवारी साडेदहाला असते, म्हणजे नोटिशीत तसं लिहिलेलं असतं. पावणेअकराला वॉचमन ऑफिसचं कुलूप काढतो, अकराला पंखा लागतो आणि सव्वाअकराच्या सुमारास सहावा माणूस आला की कोरम भरतो. समिती अकराची असेल तर सहा डोकी लागतात. पाच जणांनी कितीही शहाण्या गोष्टी ठरवल्या तरी त्या गप्पाच. म्हणून सहाव्याला फोन जातो, ‘काका, सहीपुरते तरी या’, आणि काका मेथीची जुडी हातात घेऊन तसेच येऊन बसतात. मीटिंग संपेपर्यंत मेथी निवडून झालेली असते, ही मीटिंगची एक खात्रीची फलनिष्पत्ती.

आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या कारभाराच्या सरकारी नमुना-नियमांप्रमाणे, समितीची सभा महिन्यातून एकदा तरी व्हायलाच हवी आणि तिची नोटीस तीन पूर्ण दिवस आधी. ‘पूर्ण’ या शब्दात सगळी मेख आहे. नोटीस लावली तो दिवस धरायचा नाही, सभेचाही धरायचा नाही. रविवारच्या सभेची नोटीस बुधवारी निघायला हवी. गुरुवारी निघाली तर मध्ये दोनच दिवस उरतात. हे बोटांवर मोजणारा एक रहिवासी प्रत्येक सोसायटीत असतो. एरवी त्याचा त्रास वाटतो, पण वार्षिक सभेच्या चौदा दिवसांच्या नोटिशीचा घोळ व्हायच्या आधी तोच सांगतो, म्हणून त्याला चहा आधी द्यावा.

पहिला विषय ठरलेला: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. कोण काय म्हणालं आणि त्यावर कोण काय म्हणालं, हे लिहिण्यात अर्धी पानं जातात आणि ठरलं काय ते शेवटच्या ओळीत येतं: ‘गळतीबाबत सविस्तर चर्चा होऊन योग्य ती कार्यवाही करण्याचे सर्वानुमते ठरले.’ अशा ठरावावर आजवर कोणती गळती थांबली असेल तर ती योगायोगाने. ‘बी विंगच्या जिन्यातला पाइप बदलणे, खर्च ४,००० रुपयांपर्यंत, जबाबदारी खजिनदार, पुढच्या शनिवारपर्यंत’ एवढं लिहिलं की काम होतं, निदान कोणाला विचारायचं ते तरी कळतं. काम, रक्कम, माणूस, तारीख. वहीच्या पानांना आधीच क्रमांक घालून ठेवायचे, सहीच्या वर जागा उरली तर तिरकी रेघ मारायची. कोऱ्या जागेत नंतर उगवलेली ओळ फार महागात पडते.

मग हिशेब. इथे तळमजला बोलायला लागतो. ‘आम्ही लिफ्ट वापरत नाही, आम्हाला लिफ्टचे पैसे का?’ प्रश्न रास्त वाटतो, पण उपविधींत लिफ्टचा देखभाल खर्च सगळ्या सभासदांना सारखा आहे, लिफ्टने जा अथवा जिन्याने. सेवाशुल्कही सारखंच, घर दोन खोल्यांचं असो की चार. पाणीपट्टी मात्र नळांवर, आणि सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवायची पुंजी) व दुरुस्ती निधी बांधकाम खर्चावर: वर्षाला अनुक्रमे किमान ०.२५ आणि ०.७५ टक्के. घराचा बांधकाम खर्च १२ लाख धरला तर वर्षाला ३,००० आणि ९,०००, म्हणजे महिन्याला २५० आणि ७५०. हे आकडे फळ्यावर एकदा मांडून दाखवले की निम्मी भांडणं मिटतात. उरलेली निम्मी पार्किंगची असतात, ती मिटत नाहीत. मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी १९१५ मध्ये उभी राहिली, सहकारी चळवळीतले कार्यकर्ते तालमकी यांच्या पुढाकाराने. तेव्हा मोटारींचा प्रश्न नसावा, पण सामाईक जिना कोणी झाडायचा हा प्रश्न त्यांनाही पडलाच असणार.

पाण्याचा विषय निघाला की मेथी थांबते. चाळीस घरं, घरटी चार माणसं, माणशी दिवसाला १३५ लिटर हा सरकारी मापदंड धरला तर रोजचे २१,६०० लिटर होतात. दहा हजारी टँकर दोन मागवूनही शेवटच्या घराच्या बादलीला पाणी पुरत नाही, त्याचं कारण हे. आणि इतकं मोजून मापून आणलेलं पाणी पहाटे गटारात वाहतं ते बहुतेक वेळा एका बॉलमुळे. जमिनीखालच्या टाकीत नळाच्या तोंडाशी बॉलकॉक असतो: टाकी भरत आली की तरंगता बॉल वर येतो आणि पाणी बंद होतं. बॉलला बारीक भेग पडली की आत पाणी शिरतं, बॉल जड होतो, पाण्याबरोबर वर येत नाही. टाकी भरली तरी व्हॉल्व्ह उघडाच. प्लंबर सगळा कॉक बदलायला सांगेल. त्याआधी बॉल फिरवून काढावा आणि कानाशी हलवावा. आत खळखळलं तर नुसता बॉल बदलायचा. खळखळलं नाही तर दांडी वाकली आहे का पाहायचं, नाहीतर वायसर गेला.

टाकी धुण्याचाही क्रम असतो: आधी खालची, मग गच्चीवरची. उलट केलं तर धुतलेल्या टाकीत खालचा गाळ पंपाने चढतो आणि दोन दिवसांनी गढूळ पाण्याच्या बाटल्या घेऊन वहिनी ऑफिसच्या दारात उभ्या राहतात. खालच्या टाकीत माणूस उतरण्याआधी झाकण बराच वेळ उघडं ठेवायचं आणि दुसरा माणूस वर थांबलाच पाहिजे, मोबाइलवर नव्हे, टाकीच्या तोंडाशी.

यानंतर सोसायटीची संपत्ती. डेडस्टॉक रजिस्टर, सरकारी मराठीत ‘जडवस्तू संग्रह नोंदवही’, उघडली की कळतं आपण सगळे मिळून कशाचे मालक आहोत: प्लास्टिकच्या खुर्च्या ५०, सतरंज्या ४, टेबल १, माइक १ (बंद), शिडी १. खुर्च्या मोजल्या की त्रेचाळीस भरतात. प्रत्येक सत्यनारायणाला एखादी कमी होते आणि गणपतीत कधीकधी अनोळखी रंगाची एक जास्त येते. पाठीवर ऑइलपेंटने सोसायटीचं नाव आणि क्रमांक घातला तर त्या परत येतात. गच्चीवर मात्र ठेवू नयेत. उन्हाने प्लास्टिक कडक होतं आणि खुर्चीचे पाय नेमके सासरेबुवा बसल्यावर फाकतात.

आग विझवायची सिलिंडरं प्रत्येक मजल्यावर टांगलेली असतात. काटा हिरव्यात आहे ना एवढं पाहून लोक समाधान मानतात. आतली पावडर दाबून दगड झाली असेल तर हिरवा काटा काय कामाचा? अधूनमधून सिलिंडर उलटं करून बुडावर थोपटावं, पावडर सुटी होते. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं ‘बी’ नमुन्यातलं प्रमाणपत्र जानेवारीत आणि जुलैत घ्यायचं असतं, तेव्हा हा विषय त्या दोन महिन्यांच्या विषयपत्रिकेत आधीच छापून टाकावा.

आणि शिडी. बारा फुटी, अ‍ॅल्युमिनियमची, भिंतीला टेकवायची. सोसायटीत हिच्याइतकी मागणी कशालाच नाही. माळा, ट्यूबलाइट, आकाशकंदील, मधमाश्यांचं पोळं (यासाठी देऊ नये), सगळ्याला हीच. हिचं पहिलं आजारपण पायाला होतं. खालचे रबरी बूट झिजतात, मग एक गळून पडतो, आणि गुळगुळीत लादीवर उघडं अ‍ॅल्युमिनियम साबणासारखं सरकतं. बुटांची जोडी हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळते, पण तो खर्च कोणत्या खात्यात टाकायचा यावर दोन सभा होऊ शकतात. टेकवताना चारास एक: आठ फूट उंचीवर टेकवली तर पाय भिंतीपासून दोन फूट. त्याहून उभी लावली तर माणूस मागे येतो, त्याहून आडवी लावली तर शिडी खालून निसटते. विजेच्या तारांजवळ ही शिडी न्यायचीच नाही. ठेवायची भिंतीवरच्या दोन हुकांवर आडवी, जिन्याखाली नव्हे. धूर झाला तर लोक त्याच जिन्याने अंधारात उतरणार असतात. नेताना वहीत घर नंबर, तारीख, सही. हा नियम आहे, आणि वहीला दोरीने बांधलेलं पेनही असतं. दोरी तरी असतेच.

‘ऐनवेळचे विषय, मा. अध्यक्षांच्या परवानगीने’ हा शेवटचा मथळा. खरं तर लोक यासाठीच आलेले असतात. कबुतरं, कुत्री, वरच्या मजल्यावरून टपकणारी कुंडी, रात्री अकराला चालणारा मिक्सर. ज्येष्ठांसाठी रक्तदाब तपासणी ठेवूया, जुनी पुस्तकं ऑफिसच्या कपाटात लावूया, अशाही सूचना येतात. सूचक मिळतो, अनुमोदक मिळतो, कपाटाची किल्ली मिळत नाही. पार्किंगमधली ट्यूब तीन आठवडे लुकलुकतेय, हेही कोणीतरी सांगतं. ट्यूब आणलेली आहे, वॉचमन बदलायला तयार आहे.

‘मग अडलंय कुठे?’

वही उघडली जाते. शेवटची नोंद गेल्या महिन्याची: बी-२०४, सही आहे, परत केल्याची नाही. बी-२०४ गावाला गेलेत, पंधरवड्याने येतील. सगळे बाहेर येऊन वर बघतात. दुसऱ्या मजल्यावरच्या ग्रिलच्या आत शिडी आडवी ठेवलेली दिसते आणि तिच्यावर दोन टॉवेल वाळत घातलेले.