टीव्ही आला, मीटर अडलं: शाळेच्या डिजिटल वर्गाचा माझा अनुभव

डिजिटल वर्गाच्या प्रशिक्षणात अ‍ॅप शिकवतात, चाचण्या बनवायला शिकवतात. वीजबिल वाचायला कोणी शिकवत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत टीव्हीसाठी लोकवर्गणी जमणं सोपं असतं, कारण टीव्ही दिसतो, त्यावर देणगीदाराचं नाव रंगवता येतं. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, 43 इंची टीव्ही, डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत) नोंद, सगळं पटापट झालं. पुढे मात्र तो टीव्ही भिंतीवर नुसता टांगलेला, कारण थकबाकीपोटी शाळेची लाइट कापलेली होती. थकलेल्या बिलाला वर्गणी मागून बघा, गाव कसं गप्प होतं ते कळेल.

म्हणून आधी बिल. शाळेचं बिल शाळेच्या नावावर असेलच असं धरून चालू नका. ते जुन्या मुख्याध्यापकांच्या, सरपंचांच्या, कधी बालवाडीच्या नावावरही निघतं. महावितरणचा 12 आकडी ग्राहक क्रमांक हाती आला की ऑनलाइन बिल काढता येतं. त्यात तीन गोष्टी बघायच्या.

पहिली म्हणजे दर संकेत, म्हणजे बिल कोणत्या वर्गाच्या दरानं निघतं ते. शासकीय शाळा ‘सार्वजनिक सेवा–शासकीय’ या वर्गात मोडते. कितीतरी शाळांचं मीटर मात्र वर्षानुवर्षं व्यापारी दरात पडून असतं, म्हणजे पहिलीचा वर्ग आणि चौकातलं मोबाइलचं दुकान एकाच रांगेत. दर आपोआप बदलत नाही, त्यासाठी मुख्याध्यापकांच्या सहीचा अर्ज लागतो. सोबत यू-डायसची, म्हणजे शाळेच्या सरकारी माहिती-नोंदीची प्रिंट (त्यावर 11 आकडी क्रमांक आणि शाळेचं व्यवस्थापन दिसतं), ठरावाची प्रत आणि ताजं बिल जोडावं.

दुसरी गोष्ट रीडिंगची, आणि सगळा घोळ इथेच असतो. मीटर वर्गखोलीच्या आत असतं. मे महिन्यात आणि दिवाळीत खोलीला कुलूप असतं. रीडिंग घ्यायला आलेला माणूस बाहेरूनच परत जातो, मग बिलावर आकड्याच्या जागी कुलूपबंद किंवा रीडिंग नाही अशा अर्थाचा इंग्रजी शेरा येतो आणि सरासरीनं बिल निघतं. ते कोणी भरत नाही, त्यावर व्याज चढतं, पुढचं बिलही सरासरीच. मागची बारा बिलं काढून ज्या ज्या महिन्यात ‘चालू’ आणि ‘मागील’ रीडिंग एकच आहे त्यांवर पेनानं खूण करा. अर्जात हे महिने लिहायचे, आजच्या रीडिंगचा फोटो तारखेसह जोडायचा आणि सरासरीची बिलं प्रत्यक्ष रीडिंगनुसार दुरुस्त करून मागायची. मीटरचा डिस्प्लेच कोरा असेल तर त्याच अर्जात मीटर तपासणीही मागावी.

तिसरी गोष्ट म्हणजे थकबाकीतलं मुद्दल आणि व्याज वेगळं करून लेखी मागणं. तोंडी आकडा दर वेळी बदलतो.

आता हा अर्ज जिथं द्यायचा त्या टेबलाबद्दल. ज्या वीज कार्यालयात हा अर्ज दिला तिथं रोजचं उत्तर ठरलेलं होतं: “साहेब साइटवर गेलेत.” साहेब असले की संगणक बंद, संगणक चालू असला की आमची फाइल वरच्या कार्यालयात. शाळा सुटल्यावर पोचावं तर काउंटर बंद झालेलं, आणि वर्ग सोडून जावं तर रजा टाका. शिक्षकाच्या कामाच्या वेळा आणि कार्यालयाच्या वेळा सारख्याच असतात, हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. एवढं मात्र नक्की सांगतो, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. “ठेवून जा, करतो” म्हणजे अर्ज दिलाच नाही असं समजा. आवक क्रमांक असेल तर फोनवरही बोलता येतं. पाठपुराव्याचं पत्रही त्याच क्रमांकाचा संदर्भ देऊन पाठवावं, नवा अर्ज करू नये. नवा अर्ज म्हणजे फाइल पुन्हा पहिल्या टेबलावर. काहीच हललं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. तिथं जाणार असल्याचं शेवटच्या पत्रात एका ओळीत नम्रपणे लिहिलं, आणि दुरुस्त बिल निघालं. त्या ओळीचा मला आजही अभिमान आहे.

दुरुस्त बिल भरायला संयुक्त शाळा अनुदान, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चासाठी दर वर्षी मिळणारा सरकारी निधी, वापरता येतं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या निकषांत 30 पर्यंत पटाला 10,000 रुपये, 100 पर्यंत 25,000, 250 पर्यंत 50,000 असे टप्पे आहेत, आणि त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. लहान शाळेला 10,000 मध्ये खडू, झाडू आणि बिल हे सगळं बसवावं लागतं, म्हणून सरासरीचं बिल परवडतच नाही. 43 इंची एलईडी टीव्ही साधारण 100 वॅट घेतो. रोज तासभर चालवला तरी शाळेच्या अख्ख्या वर्षात वीस-पंचवीस युनिटच्या वर जात नाही. तेव्हा बिल फुगलं की टीव्हीकडे बोट दाखवणाऱ्यांना हा हिशेब दाखवा.

लाइट जोडून मिळाल्यावर टीव्ही लावण्याआधी अर्थिंग तपासा. जुन्या खोल्यांत तिसऱ्या पिनला वायरच नसते आणि टीव्हीच्या धातूच्या कडेला मुलांना झिणझिण्या येतात. मल्टिमीटरनं फेज-अर्थ 230 व्होल्टच्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवं. पावसाळ्यात विजा कडाडल्या की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढून ठेवायचा. डिशची केबलही.

गावठाणाबाहेरच्या शाळांची आणखी एक गोम असते. लाइन शेतीच्या फीडरवर (शेतीपंपांच्या वेगळ्या वीजवाहिनीवर) असेल तर बऱ्याच ठिकाणी एक आठवडा दिवसा वीज, पुढचा आठवडा रात्री. 150 एएचची बॅटरी आणि इन्व्हर्टर असेल तर टीव्ही, स्पीकर आणि एक पंखा पाचेक तास निघतात. पण सगळ्या शाळांकडे तेवढे पैसे नसतात, आणि खरं सांगायचं तर माझं शिकवणं बदललं ते या बेभरवशाच्या विजेमुळेच. लाइट कधी जाईल सांगता येत नसेल तर तासाचा कणा टीव्हीवर ठेवताच येत नाही. मग पाठ असा आखावा लागतो की पडदा दहा मिनिटं पुरे. बी रुजण्याचा पाच मिनिटांचा व्हिडिओ असेल तर आदल्या दिवशी मटकी भिजत घालायची, मोड मुलांच्या हातात द्यायचे, आणि मगच हळूहळू रुजण्याचं चलचित्र दाखवायचं. मध्ये तीनदा थांबवायचं: आधी मूळ येणार की पान? वहीत लिहा. मग पुढे चालवायचं. दुसऱ्यांदा आवाज बंद करून मुलांनीच निवेदन करायचं. सलग लावून दिलेला व्हिडिओ मुलं सिनेमासारखा बघतात आणि विसरतात.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाल्यावर सगळीकडे त्यांच्या पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडचं कौतुक झालं. मला त्यातली मोलाची बाब वाटते ती अशी की कोड कागदावर असतो, त्यामुळे शाळेत लाइट नसली तरी घरच्या फोनवर पाठ उघडतो. दीक्षा या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपमधला आशय वाय-फाय असेल तिथं आधी उतरवून ठेवावा.

पेनड्राइव्हबद्दल सांगायचं राहिलं. पेनड्राइव्ह फॅट32 या प्रकारानं फॉरमॅट केलेला असेल तर त्यात 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. फाइल एमपी4, त्यातलं चित्र एच.264 आणि आवाज एएसी या फॉरमॅटमध्ये असेल तर जुना टीव्हीही चालवतो. चित्र दिसतं पण आवाज नाही, अशी तक्रार बहुतेक वेळा आवाजाच्या फॉरमॅटची असते. फाइलला मराठी नाव दिलं तर काही टीव्हींवर चौकोन दिसतात, म्हणून 01, 02 असे आकडेच द्यावेत. ‘सी टाइप ते एचडीएमआय’ केबल घेण्याआधी फोन व्हिडिओ बाहेर देतो का ते बघा. स्वस्तातले बहुतेक फोन देत नाहीत.

आणि टीव्ही नसेल तरी एक साधन चालतं: प्लिकर्स या चाचणी घेण्याच्या अ‍ॅपची कागदी कार्डं. मूल कार्ड फिरवून अ, ब, क, ड पैकी उत्तर वर धरतं, शिक्षकाच्या फोनचा कॅमेरा सगळी कार्डं एकदम वाचतो. नेहमीच्या संचात 40 कार्डं असतात. चकचकीत लॅमिनेशन करू नका, उजेड परावर्तित होऊन कॅमेऱ्याला कार्ड वाचता येत नाही. जाड मॅट कागद घ्या, आणि बोटं कोडवर येणार नाहीत असं कडेला धरायला पहिल्याच दिवशी शिकवा.