वर्डप्रेस का नाही? तुम्ही विचारलंत म्हणून...

‘वर्डप्रेस फुकट आहे, सगळं जग तेच वापरतं, मग तुम्ही हे ग्रॅव्ह का धरून बसलात?’ वाचनालयं, गृहनिर्माण सोसायट्या, कोकणातले होमस्टेवाले यांच्या वेबसाइट मी करते आणि पहिल्याच बैठकीत हा प्रश्न येतो. विचारणाऱ्यांचा कोणीतरी पुतण्या आयटीत असतो, त्यानेच तो पढवून पाठवलेला असतो.

दोन्ही वेबसाइट बनवायची सॉफ्टवेअरं, आणि वर्डप्रेसशी माझं वैर नाही. फक्त त्यात तुमचा मजकूर मायएसक्यूएल या सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये जाऊन बसतो. ग्रॅव्हमध्ये डेटाबेसच नाही. 2014 साली आलेलं, एमआयटी परवान्याचं हे मुक्त सॉफ्टवेअर पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेवर चालतं, म्हणजे अनेक साइट एकाच सर्व्हरवर ठेवणाऱ्या साध्या शेअर्ड होस्टिंगवरही. प्रत्येक पानाचा एक फोल्डर, त्यात मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणा घातलेल्या मजकुरात, लिहिलेली एक फाइल. फोल्डरच्या नावाआधी 01, 02 लावलं की मेन्यूतला क्रम ठरतो. आकडा काढला की पान मेन्यूतून जातं, पण त्याची लिंक चालूच राहते.

आता वाचनालयाचंच बघा. वेळा, वर्गणी, कार्यकारिणीची नावं, व्याख्यानमालेचं पत्रक. वर्षभरात बदलून बदलणार किती? बदलते ती कार्यकारिणी. नवे चिटणीस येतात तेव्हा पासवर्ड जुन्यांच्या डायरीत, होस्टिंग तिसऱ्याच्याच नावावर आणि बॅकअप म्हणून हाती येते ती डेटाबेसची एक फाइल, जिचं काय करायचं ते कोणालाच कळत नाही. त्यातून डेटाबेस जुना असला आणि हलवताना कॅरॅक्टर सेट (अक्षरांची सांकेतिक यादी) चुकला, की सगळ्या मराठीची प्रश्नचिन्हं होतात. ग्रॅव्हचं ‘यूझर’ फोल्डर झिप करून पेनड्राइव्हवर दिलं की पानं, फोटो, थीम, सेटिंग सगळं त्यात आलं. मजकूर नोटपॅडमध्ये उघडतो, वाचता येतो. उद्या मी नसले, ग्रॅव्हही नसलं, तरी वाचता येतो. मी ते धरून बसले आहे ते एवढ्यासाठीच. वेगाचं कौतुक बाकीचे करतातच.

त्रास नाही असं नाही. फाइलच्या माथ्यावर शीर्षक वगैरे यामल नावाच्या ठरावीक मांडणीत लिहावं लागतं आणि यामल भारी सोवळं. टॅब चालत नाही, स्पेसच द्यायची. शीर्षकात विसर्गासारखे दोन ठिपके आणि पुढे स्पेस आली, उदाहरणार्थ ‘व्याख्यानमाला: पुष्प पहिले’, तर ते अवतरणात घालायचं, नाहीतर पान रुसतं. फोल्डरची नावं मी रोमनमध्येच ठेवते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइटांचं, त्यामुळे लिंक कॉपी केली की नुसत्या ‘वाचनालय’ शब्दाची टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेली 63 अक्षरं होऊ शकतात. अशी लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तर लोकांना ती फसवणुकीचीच वाटते. आणि होस्टिंग बदलताना डॉट एचटीअ‍ॅक्सेस ही पानांचे पत्ते सर्व्हरला समजावणारी लपलेली फाइल मागे राहिली, की मुखपृष्ठ उघडतं, आतलं एकही पान उघडत नाही. फोन आला की मी आधी तेच विचारते.

‘डेटाबेस नाही म्हणजे हॅक होणार नाही ना?’ असंही विचारतात. एसक्यूएल इंजेक्शनची, म्हणजे डेटाबेसला फसवून घुसण्याची, भीती गेली, एवढंच. 2021 मध्ये ग्रॅव्हच्या अ‍ॅडमिन प्लगिनमध्येच (ब्राउझरमधून साइट सांभाळायच्या जोडणीत) गंभीर भोक सापडलं होतं: लॉगिन न करताही बाहेरच्याला सेटिंग बदलता येत होती. ते बुजवलं गेलं, पण अपडेट करायला तर हवं. म्हणून लहान साइटवर मी अ‍ॅडमिन प्लगिन टाकतच नाही. फाइल आपल्या मशीनवर बदलायची आणि वर चढवायची. चिटणीस काकांना हे जमतं. ठळक अक्षरांसाठी दोन्हीकडे दोन-दोन तारे, मथळ्याला हॅश, झालं त्यांचं मार्कडाउन.

मात्र होमस्टेवाल्यांना आंबेही ऑनलाइन विकायचे असतील, पेट्यांचा साठा मोजायचा असेल, ऑर्डरी जपायच्या असतील, तर मी सरळ वर्डप्रेस आणि त्यावर वूकॉमर्स हे दुकान चालवायचं प्लगिन सांगते. दहा जण एकाच वेळी मजकूर भरणार असतील तरीही तेच. फक्त दर महिन्याला अपडेट कोण करणार, त्याचं नाव आधी कागदावर लिहून मागते.