धुक्यातले बगळे, सहाशेची लेन्स आणि साठ पावलांचा चिखल

"सहाशेची लेन्स आहे ना? मग बांधावरूनच सगळं मिळेल," असं मला बगळ्यांचे फोटो काढायला निघण्याआधी दोघांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. सहाशेची म्हणजे ६०० मिलिमीटरची, लांबचं जवळ दाखवणारी लेन्स. त्या दोघांनी धुक्यात कधी बटण दाबलेलं नसणार.

पहिले दोन दिवस लख्ख ऊन, फोटो बरे आले, विषय संपला. तिसऱ्या रात्री आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला, तेव्हाच कळलं की पहाटे धुकं येणार. साडेपाचला बांधावर पोचलो तर पाणी कुठे संपतं नि आकाश कुठे सुरू होतं, पत्ता नाही. ऐंशीएक मीटरवर मोठे बगळे उभे. कॅमेऱ्यात उतरले राखाडी डाग. मधे जेवढी हवा तेवढे थेंब, आणि प्रत्येक थेंब उजेड विखुरतो. लांब लेन्स बगळ्याबरोबर धुकंही मोठं करून दाखवते. घरी कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेड-अंधारातला फरक, ताणून पाहिला, फोटोत नुसते दाणे वर आले.

म्हणजे जवळ जाणं भाग होतं. बांधापासून पाण्याच्या काठापर्यंत जेमतेम साठ पावलं, मला पंचवीस मिनिटं लागली. वरचा थर सुकलेला दिसतो, त्याला भुलू नका. पहिला पाय पोटरीपर्यंत गेला, तो काढायला जोर लावला तर दुसरा गुडघ्यापर्यंत. पाय मोज्यासकट वर आला, बूट आतच. एका हाताने लेन्स डोक्यावर धरून दुसरा हात कोपरापर्यंत चिखलात घालून बूट चाचपत होतो. ट्रायपॉड नेऊच नका. काठी न्या, टोचून बघा, मग पाऊल टाका. वाट आदल्या संध्याकाळी उजेडातच ठरवून ठेवा.

काठाशी बसलो, लेन्स पाण्यापासून वीतभर वर. पंधरा मीटरवर लहान बगळा आला. काळा पाय पुढे करून पिवळ्या बोटांनी गाळ थरथरवायचा, मासा बिचकला की चोच मारायचा. ऑटोफोकस धुक्यात भरकटतो, म्हणून फोकसचा एकच बिंदू घेतला आणि काळी चोच पांढऱ्या चेहऱ्याला भिडते तिथे ठेवला. तिथे बरोबर पकडतो. पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, काढून टाका, तो उजेडही खातो आणि प्रतिबिंबही.

आता एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते. 'धुक्यात प्लस एक', म्हणजे कॅमेरा सांगतो त्याच्या दुप्पट उजेड घ्या, हे बरोबर आहे, कारण कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर उजळ धुक्यालाही राखाडी करून टाकतो. पण ते सूर्य वर येईपर्यंतच, ही अर्धी गोष्ट कोणी सांगत नाही. धुकं विरलं, पाण्याला समांतर बगळा उडाला, खाली त्याचं अख्खं प्रतिबिंब, आणि मी प्लस एकवरच! पाठीवरचं एकूण एक पीस कोरा कागद. सकाळचा सगळ्यात चांगला क्षण तोच होता. पांढऱ्यावर ऊन पडलं की लगेच शून्यावर या, गरज पडली तर खालीसुद्धा. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला टेकू देऊ नका.

चारशेत सहा फोटो ठेवले. त्या सहांसाठी मी पुन्हा त्या चिखलात उतरेन, पण पाणी आरशासारखं असेल तरच. वाऱ्याची झुळूक जरी जाणवली, तरी बांधावरूनच मागे फिरा.