ऊन किती पडणार, हे आधीच कसं सांगता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी घरांवर सोलर पॅनेल बसवतो. पॅनेल अजून गोडाऊनमध्येच असतात आणि मी कागदावर लिहून देतो: तीन किलोवॅट, वर्षाची सरासरी धरली तर रोज साधारण बारा युनिट वीज. त्यावर साताऱ्यात जवळपास प्रत्येक घरात तोच प्रश्न येतो. "दादा, ऊन काय तुमच्या हातात आहे? हा आकडा आणला कुठनं?"

ऊन माझ्या हातात नाही आणि आकडाही माझा नाही. आपल्या देशात कुठं किती ऊन पडतं, हे वर्षानुवर्षं नीट मोजण्याची घडी ज्यांनी बसवली, त्या बाईंचं नाव ॲना मणी. आणि हे काम त्यांनी केलं ते इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, पुण्याच्या हवामान खात्यात.

या धंद्यात आलो तेव्हा मलाही हे नाव ठाऊक नव्हतं. पहिल्याच वर्षी मी दहिवडीच्या एका घराला आणि पाटणच्या पलीकडं, कोयनेच्या अंगाच्या एका घराला एकच आकडा लिहून दिला. जिल्हा एक, मग ऊनही एकच, असं धरून चाललो होतो. खरं तर आपला जिल्हा कसा आहे हे इथल्या पोरालाही कळतं. महाबळेश्वरला पाऊस थांबत नाही, तेव्हा माणदेश आभाळाकडं बघत असतो. वर्षभरानं पाटणकडच्या घरी गेलो, तर तिथल्या काकूंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यापुढं ठेवलं. जुलैच्या एकेका चौकोनात पेन्सिलीनं मीटरचा आकडा लिहिलेला. पाच. चार. सात. चार. उन्हाळ्यातले चांगले दिवस धरूनसुद्धा सरासरी बाराला पोचत नव्हती. काकू रागावल्या नाहीत. "तुम्ही बारा म्हणाला होता," एवढंच म्हणाल्या. मला मान वर करता येईना.

त्यानंतर मी आकडे शोधायला लागलो. ओळखीच्या एका प्राध्यापकांनी दोन जाड ग्रंथांबद्दल सांगितलं. एक भारतातल्या सौर प्रारणाच्या, म्हणजे उन्हातून येणाऱ्या ऊर्जेच्या आकडेवारीचा, 1980 सालचा. दुसरा 1981 चा. दोन्हींवर ॲना मणी हे नाव.

मग त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचलं. जन्म 1918 चा, केरळातल्या पीरमेडचा. आठव्या वाढदिवसाला घरच्या रीतीप्रमाणं हिऱ्याच्या कुड्या मिळणार होत्या. त्यांनी त्या नको म्हणून एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका मागून घेतला. पुढं बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे अभ्यासले ते प्रकाशाच्या अंगानं. प्रबंध पूर्ण करून 1945 मध्ये मद्रास विद्यापीठाला दिला. एम.एस्सी. केलेली नाही, या कारणावरून पीएच.डी. नाकारली गेली. हे वाचताना मला आजही संताप येतो. काम समोर होतं, ते बघायचं सोडून कागद मागितला.

सरकारी शिष्यवृत्तीवर त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथं हवामानाची उपकरणं शिकल्या. 1948 ला परतून पुण्यात रुजू झाल्या. 1953 मध्ये त्या उपकरण विभागाच्या प्रमुख झाल्या, हाताखाली 121 पुरुष. बाहेरून मागवायची उपकरणं इथंच बनावीत म्हणून शंभरेक उपकरणांची प्रमाण रेखाटनं करून घेतली. 1957-58 च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात, म्हणजे जगभरच्या शास्त्रज्ञांनी मिळून पृथ्वीचा अभ्यास केला त्या काळात, देशभर ऊन मोजणारी केंद्रं उभी राहिली, ती त्यांच्याच देखरेखीखाली. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, हा त्यांचा आग्रह. पाटणच्या त्या कॅलेंडरानंतर मला तो नीट समजला.

ऊन मोजतात कसं, हेही बरेच जण विचारतात. काचेच्या दुहेरी घुमटाखाली काळी चकती असते. ऊन पडलं की ती तापते, आणि तापलेल्या व थंड भागांतल्या फरकातून अगदी बारीक विद्युत दाब तयार होतो. तो दाब म्हणजेच उन्हाचं माप. चकतीवर थेट सूर्याची सावली राहील अशी पट्टी लावली, की उरतं ते फक्त आभाळातून विखरून येणारं ऊन. हा फरक आमच्या कामात सगळ्यात महत्त्वाचा. छत्रीसारखा सोलर कुकर थेट ऊन नसेल तर गारच राहतो. पॅनेल मात्र विखुरलेल्या उजेडावरही थोडी वीज देतं. म्हणून श्रावणात मीटर मंदावतो, पण थांबत नाही.

आता हिशेब संगणकावर होतो, उपग्रहांची माहिती वापरतात. पण उपग्रहाचा अंदाज पडताळायला जमिनीवरचं मोजमाप लागतंच. निवृत्तीनंतर बाईंनी वाराही असाच देशभर मोजायला घेतला. चाळकेवाडीच्या पठारावरून जाताना पवनचक्क्या दिसल्या की मला त्यांची आठवण येते. 2001 मध्ये त्या गेल्या. सोलर बसवणाऱ्या माझ्यासारख्या कितीतरी जणांनी त्यांचं नावही ऐकलेलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

काकू अजून कॅलेंडरवर आकडे लिहितात. गेल्या जुलैच्या पानाचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे. पाटण खोऱ्यातून कुणाचा फोन आला की आधी तो पाठवतो, किमतीचं नंतर बोलतो.