तुम्ही विचारलंत म्हणून : नगरसेवकाकडे जाऊन काही उपयोग होतो का?

रहिवासी आणि नगरसेवक यांच्या बैठका जुळवून आणण्यात माझा बराच वेळ जातो, हे कळले की समोरचा माणूस हमखास विचारतो, ‘त्यांच्याकडे जाऊन काही उपयोग होतो का?’ उपयोग होतो. मात्र आपल्यापैकी बहुतेक जण चुकीच्या महिन्यात आणि चुकीची मागणी घेऊन त्यांच्याकडे जातात, असे माझे मत आहे.

प्रथम अधिकारांविषयी थोडेसे. महाराष्ट्रातील महापालिकांमध्ये कार्यकारी सत्ता आयुक्तांकडे असते. नगरसेवक सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारू शकतो, अंदाजपत्रकात प्रभागातील कामे सुचवू शकतो, स्थायी समितीचा सदस्य असेल तर निविदांच्या मंजुरीत त्याला मत असते. परंतु खड्डा बुजवण्याचा आदेश त्याच्या सहीने निघत नाही. त्याने केलेल्या फोनमुळे कनिष्ठ अभियंता लगेच येतो हे खरे असले, तरी तो वजनाचा भाग झाला, अधिकाराचा नव्हे. बैठकीतला निम्मा वेळ ज्या गोष्टी त्याच्या हातातच नाहीत त्यांवर त्याला धारेवर धरण्यात जातो आणि तोही ‘बघतो, सांगतो’ म्हणून सुटका करून घेतो.

आता महिन्यांविषयी. महापालिकेचे आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होते, पण खात्यांकडे कामांच्या याद्या तयार व्हायला पावसाळा ओसरताच सुरुवात होते. अंदाजपत्रकात ज्या कामासाठी तरतूद नाही, त्यासाठी दुसऱ्या कामाचा निधी वळवावा लागतो. पालिकेच्या भाषेत याला वर्गीकरण म्हणतात, आणि ते मंजूर होईपर्यंत वर्ष सरत आलेले असते. आपण मात्र गुडघाभर पाण्यातून वाट काढत जुलैत संतापून जातो. त्या संतापातून फार तर चिखल उपसला जातो. पावसाळी गटार टाकून हवे असेल तर ऑक्टोबरमध्ये शांत डोक्याने जायला हवे. पुणे महापालिकेने 2006 मध्ये नागरिकांकडून प्रभागातील कामे मागवण्याची पद्धत सुरू केली. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहरात 1989 मध्ये सुरू झालेल्या अशाच प्रयोगाच्या तुलनेत ती फारच लहान आहे, पण तिच्यातही मुदत चुकली की सूचना बाद ठरते.

मागणीचे म्हणाल, तर सर्वाधिक मागणी डांबरीकरणाची असते आणि सर्वाधिक नुकसानही तिनेच होते. जुना थर न खरवडता त्यावर नवा थर चढवला जातो, काही वर्षांनी पुन्हा एक. अशाने चेंबरची झाकणे रस्त्याच्या पातळीखाली बोटभर, मग वीतभर जातात आणि दुचाकीवाला ऐनवेळी हँडल वळवून त्यांना चुकवतो. पुढे रस्त्याची उंची जुन्या घरांच्या जोत्याला भिडते आणि पहिल्याच मोठ्या सरीला पाणी गटाराऐवजी उंबऱ्याकडे धावते. तळमजल्यावरचे लोक मग दाराशी विटांचा बांध घालतात. हे सारे ‘रस्ता करून द्या’ या रहिवाशांच्याच अर्जावरून झालेले असते. त्यामुळे बैठकीत पहिला प्रश्न असा विचारावा, असे मी सुचवतो : या रस्त्याखालचे कोणते काम अजून बाकी आहे? जलवाहिनी, मलवाहिनी, पावसाळी गटार, केबल या क्रमाने खात्यांची उत्तरे लेखी आल्याशिवाय डांबर मागूच नये. दुसरा प्रश्न दोषदायित्व कालावधीचा. तो चालू असेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते, आणि तो कधी संपतो हे ठाऊक असलेला रहिवासी मला क्वचितच भेटतो. माहिती अधिकार कायदा 2005 पासून आहे, कार्यादेशाची, म्हणजे ठेकेदाराला काम देणाऱ्या आदेशाची, प्रत मागता येते. पण बहुतेकदा नगरसेवकाने बैठकीला अभियंत्याला सोबत आणले, तरी एवढे काम होऊन जाते.

सगळा दोष एका बाजूला टाकणेही बरोबर नाही. पदपथ मोकळा हवा असे म्हणणारे आणि त्याच पदपथाला लागून गाडी उभी करू द्या असे म्हणणारे एकाच सोसायटीत राहतात, क्वचित एकाच घरात. हे भांडण नगरसेवकासमोर झाले की तो कोणताच निर्णय घेत नाही, आणि मतांचा हिशेब पाहता ते शहाणपणाचेच असते. मग निधी बाके, कमानी आणि नामफलक यांवर जातो, कारण त्यांना कोणाचा विरोध नसतो आणि उद्घाटनाचा फोटोही चांगला येतो. आपसातला वाद बैठकीआधीच मिटवावा. त्या चर्चेत भाडेकरू आणि पदपथावर बसणारे विक्रेतेही असावेत, कारण नंतर काम अडते ते बहुधा ज्यांना विचारले नाही त्यांच्यामुळे.

बोलण्यासाठी कायद्याने जागा दिलेली नाही, असेही नाही. नगरपालिका आणि महापालिकांविषयीची 74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून लागू झाली आणि तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक झाल्या. महाराष्ट्रात त्यांवर सामाजिक संस्थांच्या प्रतिनिधींनाही घेता येते. प्रत्यक्षात या जागा बऱ्याच ठिकाणी पक्षाच्या कार्यकर्त्यांची सोय लावण्यासाठी वापरल्या जातात, हे मला लाजिरवाणे वाटते.

याला जोडून येणारा प्रश्न म्हणजे, मुंबईबाहेरच्या महापालिकांत एका प्रभागात बहुधा चार नगरसेवक असतात, तर नेमके कोणाकडे जावे? एकाकडे गेले की उरलेले तिघे ते काम त्याचे मानून हात झटकतात. म्हणून चौघांच्या नावे एकच पत्र लिहावे, ते क्षेत्रीय कार्यालयात देऊन आवक क्रमांक घ्यावा आणि पोच घेतलेली प्रत प्रत्येकाला स्वतंत्रपणे द्यावी. पत्रात एकच काम असावे, जागेची सुरुवात आणि शेवट लिहिलेला असावा आणि सोबत शक्य तितक्या घरांच्या सह्या असाव्यात. पुढच्या भेटीत फक्त त्या आवक क्रमांकाविषयी विचारावे.