लकव्याच्या पेशंटला पाणी पाजण्याआधी: गिळण्याची तपासणी

कोल्हापुरात स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करताना लकव्याच्या पेशंटच्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, घोटभर पाणी देऊ काय?" तपासल्याशिवाय चमचाभरही नको, असंच मी सांगते.

पेशंट निदान पंधरा मिनिटं नीट जागा राहायला हवा. ग्लानी असेल तर तपासणी पुढे ढकलते. उशा लावून ताठ बसवते, तोंड स्वच्छ करते. घाईत हीच पायरी सुटते. मग अस्वच्छ तोंडातली लाळ फुप्फुसात उतरते आणि न्यूमोनिया गाठतो. ओठ मिटतात का, जीभ दोन्हीकडे वळते का, मुद्दाम खोकता येतं का, स्वतःची लाळ गिळता येते का, हे बघून मगच चमचा हातात घेते.

आधी दाट पदार्थ, अर्धा चमचा. पाणी पटकन घरंगळतं, घशाला तयारीला वेळ मिळत नाही, म्हणून ते नंतर: 3, 5, 10, 20 मिली असं चढत्या मापानं. बोटं कंठावर ठेवली की गिळताना स्वरयंत्र वर उचललेलं कळतं. प्रत्येक घोटानंतर "मामा, आऽऽ म्हणा." आवाज ओला, घरघरता आला की तिथंच थांबते. लुळ्या बाजूच्या गालात घास साठलाय का, तेही बघते.

ठसका लागला नाही म्हणजे सगळं ठीक, हा समज फार घातक. घशाची संवेदना गेलेली असेल तर पाणी श्वासनलिकेत जातं आणि खोकलाही येत नाही. ऑक्सिमीटरचा आकडाही त्यावर खात्रीचा नाही. वारंवार ताप किंवा छातीत कफ असेल तर बेरियम देऊन व्हिडिओ एक्स-रे किंवा नाकातून दुर्बीण घालून तपासणी करायला मी आग्रहानं सांगते.

पेशंटला द्यायच्या पेयाचा दाटपणा अंदाजानं ठरवू नये. 10 मिलीची सिरिंज भरून 10 सेकंद वाहू द्यायची. 4 ते 8 मिली उरलं तर ती लेव्हल 2, म्हणजे दाटपणाच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर (IDDSI) किंचित दाट. सिरिंजवरची शून्य ते दहाची पट्टी 61.5 मिलिमीटर हवी, नाहीतर माप चुकतं. अंबील ठेवली की वर पाणी सुटतं, म्हणून ढवळून लगेच तपासायची. पेजेचा उष्टा चमचा परत वाटीत घालू नये. लाळेमुळे स्टार्च फुटून पेज पातळ होते. आणि पांढरा रस्सा-भात सध्या बंद: रस्सा आधी सरकतो, शितं मागं राहतात.