तुम्ही विचारलंत म्हणून: अमिगाला भविष्य आहे का?

दर दिवाळीला कुणीतरी विचारतंच. इथे इंग्लंडात फराळाला जमलेली मंडळी विचारतात, साताऱ्याला गेलो की भाऊबंद विचारतात: "काका, त्या तुमच्या अमिगाला अजून भविष्य आहे असं खरंच वाटतं तुम्हाला?" अमिगा म्हणजे कमोडोर कंपनीचा जुना घरगुती संगणक. तीस वर्षं मी विषय टाळत आलो. या वेळी नीट लिहून काढतो.

आधी एवढं मान्य करा की ते खेळणं नव्हतं. 1987 साली आलेल्या अमिगा 500 मध्ये 512 केबी मेमरी होती. तेवढ्यात ती एका वेळी अनेक कामं करायची, 4096 रंग दाखवायची, चार वाहिन्यांवर स्टिरिओ वाजवायची. त्याच वर्षी ऑफिसातल्या आमच्या पीसीला बीप करण्यापलीकडे आवाज नव्हता. हे मी आठवणींच्या भरात सांगत नाही, दोन्ही मशिनांवर रोज हात चालवून सांगतोय.

लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांना तिचं अप्रूप का होतं, तेही सांगतो. अमिगाच्या कामाचा ताल ठरवणारं आतलं घड्याळच टीव्हीच्या सिग्नलशी जुळवून बांधलेलं होतं. मागे जेनलॉक नावाचा डबा लावला की कॅसेटवरच्या चित्राच्या तालावर तिचं चित्र चालायचं, आणि शून्य क्रमांकाचा रंग असेल तिथे मागचं शूटिंग दिसायचं. हार घालणाऱ्या नवरा-नवरीवरून अक्षरं अलगद सरकत जायची. पीसीचा पडदा वेगळ्या गतीने चालत असल्यामुळे तेच काम त्याच्याकडून करून घ्यायला महागडं कार्ड लागायचं. अमेरिकेत व्हिडिओ टोस्टर नावाच्या जोडकार्डाने अमिगाला टीव्ही स्टुडिओत नेलं खरं, पण तो एनटीएससी या तिकडच्या टीव्ही पद्धतीचा, आपल्याला निरुपयोगी. भारत आणि इंग्लंड दोन्हीकडे पाल ही टीव्ही पद्धत असल्यामुळे इथलं साधं जेनलॉक मात्र साताऱ्यात जसंच्या तसं चालायचं.

ते मीच नेलं होतं. 1990 च्या उन्हाळ्यात अमिगा 500 आणि जेनलॉक बॅगेत घालून दाजींकडे, म्हणजे माझ्या ताईच्या यजमानांकडे, पोचवलं. त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि व्हिडिओची कामं नुकती सुरू झाली होती. मराठी फॉन्ट नव्हता, म्हणून डिलक्स पेंट या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये माउसने एकेक अक्षर काढलं. 'शुभविवाह', 'चि. सौ. कां.', 'आपले आगमन हाच आमचा आनंद'. 'क्ष' काढायला एक अख्खी दुपार गेली. पाच वर्षं त्या अक्षरांवर स्टुडिओ चालला.

आता 1995. हाच भाग मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

कमोडोर कंपनीने एप्रिल 1994 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली होती. वर्षभराने जर्मनीच्या एस्कॉमने सगळं विकत घेतलं आणि उत्पादन पुन्हा सुरू होणार अशी बातमी आली. त्याच सुमारास, मे महिन्यात, मी सुट्टीवर घरी होतो. रात्री जेवणं झाल्यावर दाजी ओसरीवर येऊन बसले. सत्तर हजार साठले होते. पुण्याचा एक जण मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणून पीसी जोडून द्यायला तयार होता. दाजी म्हणाले, "पाव्हणं, मशिन आता लहान पडतंय. तुम्ही सांगाल तेच घेतो. दुसऱ्या कुणाला विचारत बसत नाही."

मी तासभर बोललो. पीसीवर व्हिडिओ म्हणजे ओढूनताणून आणलेलं सोंग, असं म्हणालो. एस्कॉमचं सांगितलं, येणाऱ्या नव्या मॉडेलांचं सांगितलं. "अमिगा 4000 घ्या, दहा वर्षं बघायला नको," असंही म्हणालो. ताई दारात उभी राहून ऐकत होती. तिने एवढंच विचारलं, "बिघडलं तर इथं कोण बघंल रं?" मी म्हणालो, "मी आहे ना."

सत्तर हजारांत इंग्लंडातल्या एका व्हिडिओवाल्याकडची वापरलेली 4000 आणि नवं जेनलॉक बसलं. दोन सिझन उत्तम गेले. 1996 मध्ये एस्कॉमही बुडाली. मी फोनवर म्हणालो, मशिन तर चालतंय ना.

1997 ला तुळशीची लग्नं झाली, मुहूर्त सुरू झाले आणि एका संध्याकाळी गेलेली लाईट आली ती वाढीव व्होल्टेजने. पॉवर सप्लाय गेला आणि त्याच्याबरोबर मदरबोर्डही. चौदा लग्नांचे ॲडव्हान्स घेतलेले होते. साताऱ्यातच काय, पुण्या-मुंबईतही ते उघडून बघणारा मिळाला नाही. मी इथे शोधाशोध केली, तर ज्या दुकानांतून मी वस्तू घ्यायचो त्यातली बहुतेक बंद झालेली. बोर्ड मिळायला पाच आठवडे गेले, पार्सल जानेवारीत पोचलं. तोवर दाजींनी सगळे ॲडव्हान्स परत केले होते, ताईच्या पाटल्या सराफाकडे ठेवल्या होत्या आणि पुण्याच्या त्याच माणसाकडून पीसी जोडून घेतला होता. बोर्ड खोक्यातून बाहेरही निघाला नाही.

दाजी मला एका शब्दाने बोलले नाहीत. दोन वर्षांनी ते इकडे आमच्याकडे आले होते. माझ्या खोलीत जरा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "हा पीसी कधी घेतला, पाव्हणं?"

पंच्याण्णवला घेतला होता. फेब्रुवारीत. त्यांना सल्ला दिला त्याच्या तीन महिने आधी.

मी सांगितलं, ऑफिसच्या कामासाठी घ्यावा लागला. ते खरं होतं आणि आजही खरं आहे. माझं पोट पीसीवर होतं, जीव अमिगावर होता. पण पोटाचा प्रश्न दाजींचाही होता, आणि ओसरीवर मी त्यांना फक्त माझ्या जिवाचं सांगितलं. विंडोज 95 अजून यायचं होतं, तेव्हा कुणाला काय कळणार, असं मी स्वतःला समजावत आलो. ज्याने फेब्रुवारीत स्वतःच्या खिशातून पीसीचे पैसे दिले, त्याला थोडं तरी कळलेलं होतं.

त्या वेळच्या मला आज समोर बसवलं तर तो म्हणेल, मशिन सरस होतं, ते हरलं ते मालकांच्या चुकांनी. मी त्याला डिसेंबर 1993 मध्ये आलेला डूम हा खेळ दाखवेन, ज्यात पडद्यावरचे ठिपके क्षणोक्षणी नव्याने रंगवावे लागायचे. अमिगाचं चित्र थरांत साठवलेलं असायचं. 256 रंगांत एक ठिपका रंगवायचा तर आठ थरांत हात घालावा लागायचा, पीसीवर एक बाइट लिहिला की काम झालं. थरांच्या ज्या रचनेने सरकती अक्षरं सोपी केली, तीच डूमसारख्या खेळाला आडवी आली. शिवाय प्रोग्राम थेट त्या खास चिपांशी बोलायचे, त्यामुळे चिपा फारशा बदलता येत नव्हत्या. म्हणजे दोष नुसता मालकांचा नव्हता, गुणांच्या पोटातच तो होता. तो मात्र ऐकणार नाही. तो विचारेल, वेळेवर पैसा लावला असता तर हेही सुटलं नसतं का? यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पण एक गोष्ट मला तेव्हाच दिसायला हवी होती. सी-डॅक या सरकारी संस्थेचं भारतीय लिप्या दाखवणारं जिस्ट कार्ड पीसीत बसायचं. नंतर मराठी फॉन्टांचं सॉफ्टवेअर श्रीलिपी आलं ते विंडोजवर. मराठी पीसीवर राहायला गेली होती. आणि पीसी बिघडला तर कराडातही पार्ट बदलून मिळायचा, कारण तो कुणा एकाचा नव्हताच. माउसने 'क्ष' काढून मी धन्य होत होतो तेव्हा तिकडे पूर्ण बाराखडी तयार होती. पुढ्यातल्या माणसाला नेमकं काय लागतं, हे बघण्याऐवजी मी मशिनच बघत बसलो.

आता तुमचा प्रश्न. अमिगाच्या ऑपरेटिंग सिस्टिमची 3.2 ही आवृत्ती 2021 मध्ये आली. प्रोसेसरच्या जागी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा स्वस्त संगणक बसवून जुन्या 500 ला कितीतरी पट वेग देता येतो. लोक नवे बोर्ड बनवतात, नवे खेळ लिहितात. नावाच्या हक्कांवरून वर्षानुवर्षं कोर्टकज्जेही चालले. याला भविष्य म्हणायचं की नाही? पीसीला गाठण्याच्या अर्थाने अजिबात नाही, आणि तसं मी आता म्हणत नाही. पण दर वर्षी कुणीतरी नवं काही करतंय, त्याला मेलेलं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. माझी अमिगा 1200 या क्षणीही शेजारच्या टेबलावर चालू आहे.

दाजींचा धाकटा स्टुडिओ बघतो. त्याने गेल्या महिन्यात 1996 च्या एका लग्नाची कॅसेट संगणकावर उतरवून मला पाठवली. डावीकडे किंचित कललेला 'क्ष' लगेच ओळखता आला. खाली त्याने लिहिलंय: माळ्यावरची ती 4000 आणि खोक्यातला बोर्ड त्याला सापडलाय, हल्ली अशा मशिनांना किंमत आलीय म्हणतात, "मामा, खर्च करून दुरुस्त करू का विकून टाकू? तुम्ही सांगाल तसं."

तीन आठवडे झाले. त्याला अजून काही कळवलेलं नाही.